चुन्याच्या रेघेअलीकडचा चहा

काकी, चौकीतली मंडळी, गावठाणातले शेजारी, आणि कारखान्यातून अर्धी पाळी टाकून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

राऊळसाहेबांच्या शोकसभेला तुम्ही इतके जण आलात. खुर्च्या संपल्या म्हणून हवालदार आणि जमादार लोक दुसरीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले आहेत. राऊळसाहेबांनी हे पाहिलं असतं तर आठवडाभर पुरवून पुरवून सांगितलं असतं.

मला बोलायला काकींनी सांगितलं. मी नाही म्हणून पाहिलं. चार माणसांत स्वतःचं नाव सांगतानासुद्धा मी अडखळते. म्हणून लिहून आणलंय. वाचून दाखवते. कागद हलताना दिसला तर तो पंख्याने हलतोय असं समजा.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करायची आहे. ती केल्याशिवाय मला पुढचं वाक्य वाचता येणार नाही. तुमच्यापैकी बरेच जण मला राऊळांची भाची समजतात. दर शनिवारी चौकीत येते, साहेबांच्या घरी काकींकडे जेवते, म्हणजे भाचीच असणार. साहेबांनी तसं कधी सांगितलं नाही. पण कुणी म्हटलं तर खोडलंही नाही. आज मी खोडते. मी भाची नाही. माझ्यावर गुन्हा शाबित झाला होता. कोर्टाने मला तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडलं होतं, आणि माझ्यावर लक्ष ठेवायचं काम गोविंद राऊळ, हवालदार, यांच्याकडे आलं होतं. हे बोलायला मला आठ वर्षं लागली. आता बोलले. आता बरं वाटतंय.

गुन्हा काय, तेही सांगते. अर्धवट सांगितलेलं मला चालत नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअरमध्ये होते. वय एकोणीस. सुपरवायझर गेटपास पुढे करायचा आणि म्हणायचा, सही कर गं, कोण बघतंय. मी खोकी न उघडता सह्या केल्या. नऊ गेटपासांवर. खोक्यांतून पितळेचे नळ चोरीला जात होते. सात वेळा मला माहीत नव्हतं. शेवटच्या दोन वेळा मला कळलं होतं, आणि नोकरी जाईल या भीतीने मी सही केली. वकील म्हणाले, गप्प राहा, एकही माहीत नव्हता म्हण. मी कोर्टात उभी राहिले आणि म्हणाले, शेवटचे दोन माहीत होते. वकिलांनी फाइल मिटली ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

असं का केलं? मला दुसरं येतच नव्हतं. लहानपणी मला दमा होता, म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. वडील गिरणीतून आले की घरीच शिकवायचे. अक्षरं, पाढे, आणि जेवायला बसण्याआधी एक प्रश्न. आज काय चुकलं? ते सांगायचं, मग ताट. रागवायचे नाहीत. ऐकून घ्यायचे आणि वाढायला सांगायचे. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी त्या सह्या केल्या. ऐकणारं कुणी नव्हतं, हे कारण नाही. पण आहे तसं सांगते.

तर पहिला शनिवार. कोर्टाच्या अटी दोन. दर शनिवारी चौकीत हजेरी द्यायची, आणि लेखी परवानगीशिवाय ठाण्याची हद्द सोडायची नाही. मी चौकीत गेले. राऊळसाहेब टेबलामागे बसून पेरू खात होते. मी सही केली आणि विचारलं, हद्द नेमकी कुठपर्यंत? त्यांनी पेरू धरलेला हात गोल फिरवला. म्हणाले, ही सगळी. मी विचारलं, नाक्यावरचा बसस्टॉप हद्दीत येतो का? समोरच्या बाजूचा येतो का? बस वळते तेव्हा चाक पलीकडे गेलं तर? त्यांनी पेरू खाली ठेवला.

"हद्द म्हणजे कुंपण न्हय गो," ते म्हणाले.

मी म्हटलं, माझ्यासाठी आहे.

त्यांनी मग ठाण्यातून नकाशा मागवला. नकाशा इतका जुना की त्यावर मरोळला भाताची शेतं होती. हद्द एका नाल्याच्या मधून गेलेली, आणि त्या नाल्यावर केव्हाच स्लॅब पडून रस्ता झालेला. चौकीत कुणालाच धड सांगता येईना. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, घरी जा आणि डोकं खाऊ नको. राऊळसाहेब म्हणाले, रविवारी सकाळी ये, आपण चालून बघू.

रविवारी मी गेले, तर साहेब साध्या कपड्यांत, हातात छत्री, आणि शेजारी काकी. काकींच्या हातात डबा. एकट्या मुलीबरोबर हवालदार फिरताना दिसला तर लोक मुलीबद्दल बोलतील, म्हणून काकींना आणलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. काकींनी पुढे पाच वर्षांनी सांगितलं. आम्ही तिघं ठाण्याची हद्द चाललो. कारखान्यांच्या मागून, विमानतळाच्या तारेच्या कडेने, गावठाणातून. गावठाणात ती रेषा फिलोमिनामावशींच्या घरातून जात होती. स्वयंपाकघर आमच्याकडे आणि व्हरांडा पलीकडच्या ठाण्याकडे. मावशी तिकडे खिडकीत बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल. त्यांनी विचारलं होतं, मग माझी कोंबडी व्हरांड्यातून चोरली आणि स्वयंपाकघरात कापली, तर मी जायचं कुठे? साहेब म्हणाले, जेवायला मला बोलवा, मी दोन्हीकडे मिटवतो.

आणि शेवटी आम्ही फिरून चौकीपाशी आलो. स्लॅबवर साहेबांनी पावलं मोजली. पुन्हा मोजली. मग थांबले. समोर दामूची चहाची टपरी. चौकीपासून तीस पावलांवर. आणि टपरी स्लॅबच्या पलीकडे. म्हणजे हद्दीबाहेर. गोविंद राऊळ नऊ वर्षं दिवसातून दोनदा, अंगावर गणवेश असताना, ड्युटी सोडून परवानगीशिवाय हद्दीबाहेर जात होते.

काकी हसायला लागल्या त्या थांबेचनात. साहेब हळूच म्हणाले, "ह्या कोणाक सांगू नको."

काकींचं ठीक होतं. माझं काय? मला आता पोलिसाचा गुन्हा माहीत झाला होता. पुढच्या शनिवारी मी गेले, हजेरीची सही केली आणि म्हणाले, साहेब, तुमचं ते टपरीचं. तुम्ही वरच्या साहेबांना सांगायला हवं. आज आठवलं की माझे कान तापतात. बॉण्डवर सुटलेली मुलगी हवालदाराला सांगतेय. ते रागावले नाहीत. उठले, शेजारच्या पानवाल्याकडून चुना आणला, आणि स्लॅबच्या मधोमध जाड रेघ ओढली. मग रेघेच्या अलीकडे उभे राहिले आणि दामूला हाक मारली. दामूने हात लांब करून रेघेवरून ग्लास दिला.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी चहा तसाच प्यायला. सगळ्यांनी चेष्टा केली. तुम्ही बाकांवर बसलेल्यांनीच केली. कुणी त्यांना विचारायचं, राऊळ, आज पासपोर्ट आणला नाही वाटतं? पावसात चुना वाहून जायचा आणि साहेब पुन्हा ओढायचे. एकदा मी म्हटलं, माझ्यासाठी हे करू नका. ते म्हणाले, तुला रेघेच्या आत ठेवायची आणि आपण बाहेर उभं राहायचं, हे बरं दिसत नाही.

मित्रहो, लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकले. ते महिन्यातून एकदा घरी चौकशीला यायचे. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर टोपी काढून पिशवीत घालायचे, वर कोथिंबिरीची जुडी. शेजाऱ्यांना वाटायचं, गावाकडचे कुणी भाजी घेऊन आलेत. आई चहा ठेवायची. ते भिंतीवरचा वडिलांचा फोटो बघायचे आणि मला विचारायचे, बरी आहेस? एवढीच चौकशी.

आणि माझा कागद. मी दर शनिवारी आठवड्याच्या चुका लिहून न्यायचे. वडिलांनंतर ती सवय कुठे ठेवावी कळत नव्हतं. शेजारणीला सांगितलं आई झोपली आहे, ती जागी होती. कामावर सात मिनिटं उशिरा पोचले आणि कुणी पाहिलं नाही. असलं. पहिला कागद दिला तेव्हा मला वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत, बोट फिरवत सगळा वाचला. वाचून म्हणाले, ह्यातल्या एकालाही कलम नाही. मग खाली लिहिलं, 'पाहिले', आणि सही केली. तारीख घातली. एकशे तीन शनिवारांचे एकशे तीन कागद, प्रत्येकावर 'पाहिले'. कसं सांगू, त्या एका शब्दाने मला किती झोप दिली.

आता तो दिवस. बॉण्डचे चार महिने राहिले होते. मंगळवार, दुपार. आईला दम लागला. ओठ निळे पडायला लागले. डॉक्टर म्हणाले घाटकोपरला न्या, तिथल्या इस्पितळात माझी मावशी आया होती. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. साकीनाक्याकडे निघालो आणि स्लॅबपाशी मी ओरडले, थांबवा. समोर चुन्याची रेघ होती.

तुम्हाला हसू येईल. तेव्हा मला आलं नाही. लेखी परवानगी इन्स्पेक्टरसाहेबांची लागायची. मी आईला रिक्षात सोडून चौकीत धावले. इन्स्पेक्टरसाहेब बंदोबस्तावर. राऊळसाहेब समन्स बजावायला गेलेले. एक नवा शिपाई होता, भला माणूस, तो म्हणाला, जा गं, कोण बघतंय.

कोण बघतंय. तेच शब्द. सुपरवायझरचे. मी परत रेघेकडे धावले. गेले तर बॉण्ड मोडतो, तुरुंग. आईला मग कोण बघेल? नाही गेले तर आई इथेच. मी रेघेवर उभी राहिले. रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, दामू ओरडतोय, आणि मी उभी. किती वेळ? आई म्हणते पाव तास. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी हे वाचते आहे आणि ती मान हलवते आहे. अजून पाहुण्यांना सांगते, माझी लेक मला रेघेवर ठेवून परवानगीला गेली होती.

राऊळसाहेब चालत येत होते. समन्सांची पिशवी खांद्याला. त्यांनी रिक्षात आईचा चेहरा पाहिला, मला पाहिलं, रेघ पाहिली. दोन वर्षांत ते माझ्यावर एकदाच रागावले, ते तेव्हा.

"रेघ चुन्याची आसा गो," ते म्हणाले. "बस रिक्षात."

मी म्हटलं, परवानगी?

त्यांनी पिशवी दामूकडे दिली, रेघ ओलांडली, आणि ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे आत अर्धे बाहेर असे बसले. रिक्षा असल्फ्यापाशी आली. मग मान मागे वळवून म्हणाले, "आता आपण दोघांय आरोपी."

आई तशा अवस्थेतही हसली. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. साहेब इस्पितळाच्या बाकावर तीन तास बसले, टोपीने वारा घेत. परत आल्यावर मी पहिलं काय विचारलं असेल? आईचं औषध? नाही. मी विचारलं, साहेब, हे डायरीत लिहिणार ना? आता तुमच्यापैकी कुणीही मला वेडी म्हणालं असतं. ते म्हणाले, "आधी माझा नाव लिवलंय, मगे तुझा."

चार महिन्यांनी कोर्टाची शेवटची तारीख आली. राऊळसाहेबांचा अहवाल वाचला गेला. वर्तणूक चांगली. हजेरी पूर्ण. एके दिवशी लेखी परवानगीशिवाय हद्द सोडली, कारण आईचं आजारपण. आणि त्याखाली, सोबत अहवाल लिहिणाऱ्या हवालदारानेही ड्युटी सोडून हद्द सोडली. माझे वकील पुन्हा फाइल मिटायच्या बेतात होते. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. विचारलं, हवालदार, हे तुम्हाला लिहायला कुणी सांगितलं?

राऊळसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, हिने. दोन वर्षं मी हिच्यावर लक्ष ठेवलं, साहेब, आणि हिने माझ्यावर.

मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, "तुम्ही एकूण किती वेळ हद्दीबाहेर होता?"

साहेब ताठ उभे राहिले. "ह्या वेळी चार तास, साहेब. त्याआधी नऊ वर्षं, दिवसातून दोनदा, चहाला."

कोर्टात जे हसू फुटलं ते तिथल्या पट्टेवाल्यालाही आवरता आलं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला, मग गंभीर होऊन आम्हा दोघांना समज दिली, आणि बॉण्ड पूर्ण झाला असं लिहिलं. त्या दुपारी मी पहिल्यांदा कामाशिवाय रेघ ओलांडली. दामूच्या टपरीला टेकून चहा प्यायले. साहेब अलीकडे उभे, कारण ते ड्युटीवर होते. आमच्या ग्लासांच्या मध्ये ती रेघ. ते म्हणाले, पलीकडचा कसा लागतो? मी म्हटलं, तोच आहे, साहेब. ते म्हणाले, वाटलंच.

पुढचे कागद कोर्टासाठी नव्हते. तरी मी शनिवारी जात राहिले. आता मी दुसऱ्या कारखान्यात आहे, पुन्हा स्टोअरमध्येच. खोकं उघडून बघितल्याशिवाय गेटपासवर सही करत नाही. ट्रकवाले मला बघितलं की इंजिन बंद करून विडी पेटवतात. त्यांना माहीत आहे, वेळ लागणार.

मागच्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली. त्या चार तासांच्या नोंदीमुळे साहेबांचं जमादार होणं दोन वर्षं लांबलं होतं, पार निवृत्तीच्या तोंडावर गेलं होतं. त्यांनी मला कळू दिलं नाही. मी काकींकडे गेले, पायाशी बसले, आणि म्हणाले, माझ्यामुळे झालं. काकींनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. म्हणाल्या, बढती तेव्हाच झाली असती तर बदली झाली असती, कुठल्या कुठे. तुझ्यामुळे आम्ही इथे राहिलो. आणि घरी बसून ह्या माणसाने रोज सांगितलं, आज चहा कसा प्यायलो. दोन वर्षं जास्तीचं हसायला मिळालं मला, ते कुणाला परत करू?

काकी म्हणतात तेच मी आज सांगायला आले. राऊळसाहेब गेले ते दुपारी, बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून, आडवे झाल्यावर. काकी म्हणतात, झोपेत चेहरा असा होता की आता कुणाची तरी चेष्टा करणार. मला रडू आलं, येतं. पण त्यांची आठवण सांगायला बसले की दर वेळी हसूच आधी येतं. हे चुकीचं असेल तर तेही कागदावर लिहिलं आहे.

काकींनी काल पत्र्याची पेटी उघडून मला एक गठ्ठा दिला. बॉण्डच्या काळातले एकशे तीन कागद साहेबांची सही झाली की मी घरी नेत होते, ते माझ्याकडेच आहेत. हा गठ्ठा नंतरचा. बॉण्ड संपल्यानंतर मी दिलेले सगळे कागद. साहेबांना ते ठेवायचं काही कारण नव्हतं. कुठलं कोर्ट ते मागणार नव्हतं. प्रत्येकावर खाली 'पाहिले', सही, तारीख.

आज शनिवार आहे. मी हातात धरलेला हा कागद आजचा. यात आठ वर्षं लपवलेली एक गोष्ट आहे, ती मी तुमच्यासमोर वाचली. खाली जागा सोडली आहे. काकी, सभा संपल्यावर तुम्ही 'पाहिले' लिहून सही कराल का? साहेबांनी तुम्हाला सही करायला शिकवलं, हे मला माहीत आहे.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं नको, इतका वेळ गप्प बसलेले राऊळसाहेब कुणी पाहिलेले नाहीत. माझा एक कागद चष्मा लावून, ओठ हलवत वाचायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढंच शांत राहू.

नंतर दामूने सगळ्यांसाठी चहा ठेवला आहे. चुना त्याने सकाळीच नवा ओढलाय. बाकीच्यांनी खुशाल पलीकडे जावं. जे गणवेशात आहेत, त्यांनी अलीकडे उभं राहून हात पुढे करावा. ग्लास येईल.